तुम्ही विचारलेत म्हणून : काकडी कोण खात होते?

“काकू, नवा कॅटफिश आणून चार दिवस झाले, तोंडाला काही लावत नाही, काय घालू?” हा प्रश्न सांगलीत घरी टाकीत मासे पाळणाऱ्या किती जणांनी मला विचारला, याची मोजदाद मी सोडून दिली आहे. विश्रामबागेत भाजी घेताना विचारला आहे, गणपती मंदिराबाहेर चपला शोधताना विचारला आहे, एकदा तर बारशाच्या पंगतीत विचारला आहे. विचारणाऱ्याला उत्तर नको असते, एखाद्या खाद्याचे नाव हवे असते. ते मी सांगत नाही, म्हणून मी शिष्ट ठरले आहे. तो समज दूर व्हावा, आणि आजवर कोणालाही नीट न सांगितलेली एक गोष्ट एकदाची सांगून टाकावी, म्हणून हे लिहीत आहे.

नव्या माशाची पिशवी आधी टाकीतल्या पाण्यावर तरंगत ठेवणे, नळाच्या पाण्यातले क्लोरीन घालवायला हायपो टाकणे, हे तुम्ही करताच. माझे उत्तर त्यापुढचे असते : काही घालू नका. पिशवीतले पाणी खराब होऊ नये म्हणून माशाला प्रवासाआधी एक-दोन दिवस उपाशीच ठेवतात. पुढे ठोक व्यापारी, दुकान आणि तुमचे घर अशा तीन ठिकाणी त्याचे पाणी बदलते. मुळात हा बहुतेक रात्री हिंडणारा आणि दिवसा कपारीत दडून बसणारा प्राणी आहे. पांढऱ्याशुभ्र दिव्याखाली, आडोसा नसलेल्या टाकीत त्याने चार पाहुण्यांसमोर जेवावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. एखादे लाकूड किंवा फुटक्या कुंडीचा अर्धा तुकडा आत ठेवावा, दोन दिवस दिवा लावू नये, आणि नंतर अंधार पडून अर्धा तास झाला की तळाशी बुडणारी एकच गोळी टाकावी. तुम्ही मात्र भर दुपारी तरंगणारे खाद्य घालता. ते वरचे मासे खातात, उरलेले तळाशी कुजते, माशांना विषारी असलेला अमोनिया वाढतो. टाकी नवी असेल तर तो अमोनिया पचवणारे जिवाणू तयार व्हायलाच चार ते सहा आठवडे लागतात. मग मासा तडफडू लागला की गोल्डफिशला चालते म्हणून मूठभर मीठ टाकता आणि मला फोन करता.

यातला एकही शब्द मी आज मागे घेत नाही. पण “मासा उपासाने मरत नाही, घाईने मरतो” हे माझे लाडके वाक्य मी ज्या ठसक्यात सांगत आले, त्या ठसक्याबद्दल मला बोलायचे आहे.

शेजारच्या सातवीतल्या मुलाला वाढदिवसाला एक ब्रिसलनोज, म्हणजे शेवाळ खाणारा छोटा कॅटफिश, मिळाला होता. मोठेपणी हा मासा पाचेक इंच होतो. तो जेमतेम दीड इंचाचा होता. त्यांची टाकी नवीन होती, म्हणून मीच म्हटले की महिनाभर माझ्याकडे राहू दे. माझ्या चार फुटी टाकीत सात वर्षांचा, दहा इंची सकर, म्हणजे त्याच कुळातला मोठा कॅटफिश, होता. पण पाणी मुरलेले, म्हणजे ते जिवाणू तयार झालेले, होते आणि मला स्वतःवर पुरेपूर विश्वास होता. छोट्यासाठी वेगळे लाकूड ठेवले, दिवा बंद केला आणि तिसऱ्या रात्रीपासून उकळत्या पाण्यातून काढलेली काकडीची चकती स्टीलच्या काट्याला टोचून तळाशी ठेवू लागले. सकाळी नुसती सालीची कडी उरलेली असे. मुलगा रोज संध्याकाळी क्लासहून परस्पर माझ्याकडे येई आणि विचारी, “काकू, खातोय ना तो?” मी म्हणे, “खातोय की, चकती संपवतो.” त्याला लाकूड उचलून पाहायचे होते, ते मी करू दिले नाही. टॉर्च आणू का म्हणाला, त्यालाही नको म्हटले. मासा बिथरतो, असे कारण दिले.

अकरा सकाळी काकडी संपली होती. काकडी सुरू केल्यापासून बाराव्या दिवशी तो छोटा मासा भर दुपारी समोरच्या काचेला चिकटलेला दिसला आणि काचेतून त्याचे पोट दिसले. ते चमच्यासारखे आत गेले होते. डोळेही खोल गेले होते. त्या रात्री टॉर्चला लाल जिलेटीनचा कागद लावून मी टाकीसमोर बसले. चकती ठेवल्यावर काही मिनिटांतच सकर आला आणि तिच्यावर आडवा पसरला. छोटा दोनदा लाकडाच्या टोकापर्यंत आला आणि दोन्ही वेळा शेपटीच्या एका फटक्यासरशी मागे गेला.

सकाळी त्याला पेल्यात धरून वीस लिटरच्या टाकीत हलवले; जाळीने धरले नाही, कारण या माशांचे काटे जाळीत अडकतात. जुन्या फिल्टरचा स्पंज लावला, गच्चीवरच्या बादलीतला शेवाळ धरलेला दगड आत ठेवला. तो दगडाला तोंड लावून बसला, ओठ हलतही होते. तिसऱ्या दिवशी मेला.

मुलगा रडला नाही. त्याने एवढेच विचारले, “काकू, मग काकडी कोण खात होतं?”

मासा दुकानातूनच खंगून आला असेल, असे तुमच्यातले काही जण मला समजावतील. असेल, पण तो पिशवीच्या प्लॅस्टिकला चिकटला होता तेव्हा त्याचे पोट पाहायला मला कोणी अडवले नव्हते. तुमच्यासारखे खाद्य कोंबले असते तर तो अमोनियाने आणखी लवकर गेला असता, असेही मी स्वतःला सांगून पाहिले. ते खरे आहे आणि त्याचा काही उपयोग नाही. माझ्यातली पूर्वीची बाई अजून वाद घालते : रोज टॉर्च मारला असतास तर तो लाकडाबाहेर आलाच नसता. मी तिला म्हणते, थांबणे अंगावर मांस असलेल्या माशाला परवडते. दीड इंचाच्या पिल्लाजवळ थांबण्याइतके काही शिल्लक नसते. यावर ती गप्प बसत नाही, आणि मलाही तिला पुरते खोडता येत नाही.

म्हणून आता “काय घालू?” असे कोणी विचारले की मीच उलट विचारते : पोट पाहिलेत का? टाकीत आणखी कोण आहे? रात्री खाताना डोळ्यांनी कोणाला पाहिलेत? लोक वैतागतात. परवा मिरजेचे एक गृहस्थ म्हणाले, “अहो, एवढ्या चौकशीपेक्षा एखादी गोळी सांगा की.” शेवटी सांगितली.

सकर अजून माझ्याकडे आहे. एवढा मोठा झाला, कृष्णेत सोडून द्या, असा सल्ला मिळतो. तो परदेशी मासा आपल्या नदीत नको तितका छान रुळेल, म्हणून सोडत नाही. काकडी त्याला आजही घालते. फक्त दिवा घालवून पूर्वीसारखी निघून जात नाही, खुर्ची ओढून बसते. ते त्याला आवडत नसावे. मी बसले की तो अर्धा अर्धा तास लाकडामागून हलत नाही.