लव्हाळ्याशी तिसरा उन्हाळा: आठ गुंठ्यांची नोंद

जानेवारीत ऊस तुटला आणि आठ गुंठे मोकळे झाले. पंचगंगेपलीकडचं, वडणग्याच्या बाजूचं मळीचं रान. शाळेत नम्रतेचा धडा म्हणून शिकलेला लव्हाळा इथं तण म्हणून भाजीच्या आधी उगवतो. मी नोकरीवाला, रानात फक्त शनिवार-रविवार, त्यामुळं आठवड्याचे पाच दिवस रान त्याचंच.

गेल्या वर्षीची माझी चूक आधी कबूल करतो. रोटाव्हेटर मारून घेतला. रान गादीसारखं झालं, फोटोही काढले. पंधरा दिवसांत सगळं हिरवंगार! लव्हाळ्याच्या गाठी जमिनीखाली माळेसारख्या जोडलेल्या असतात. शेंड्याकडची गाठ वाढत असते तोवर मागच्या बऱ्याचशा गप्प असतात. रोटाव्हेटरनं माळ तोडली आणि एकेक मणी वेगळा उगवला. थोडक्यात, पैसे मोजून मी लव्हाळ्याची लागण करून घेतली.

यंदा नुसती खोल नांगरट. ढेकळं तीन आठवडे उन्हात तशीच ठेवली, दिसतील त्या गाठी वेचल्या. दोन पाट्या भरल्या. वाळलेली गाठ मरते, पण ढेकळाच्या पोटात ओल असेल तर आतली जगते, म्हणून मोठी ढेकळं फोडून परत पसरली. मग सऱ्या सोडून पाणी दिलं आणि काहीच पेरलं नाही. बांधावरनं आप्पा म्हणाले, "काय रं, नुसतं पाणीच पाजतोयस? बी संपलं व्हय?"

दहाव्या दिवशी घोळ, तांदुळजा, लव्हाळा सगळी मंडळी हजर. वाफशावर, म्हणजे पाणी मुरून बेताची ओल राहिल्यावर, खुरप्यानं इंचभरच वर वर खरवडलं. खोल गेलं की खालचं बी वर येतं आणि पहिल्यापासून सुरुवात. ही दहा दिवसांची वाट बघणं यंदाचं सगळ्यात फायद्याचं काम ठरलं. फूटभर चौकटीत गेल्या पाडव्याला लव्हाळ्याचे साठच्या वर कोंब मोजले होते, यंदा सतरा.

पेरणी होळीच्या सुमारास. भेंडी परभणी क्रांती, बी रात्रभर भिजवून, दोन ओळींत फुटाचं आणि दोन रोपांत अर्ध्या फुटाचं अंतर. गवार पुसा नवबहार, ती फांद्या करत नाही म्हणून जरा दाट. काकडी हिमांगी, एकच सरी. मिरचीची रोपं विकत आणली, ठीक आहेत.

काकडीच्या सरीवर मल्चिंग पेपर, म्हणजे माती झाकायचा प्लॅस्टिकचा कागद, बाकी ठिकाणी चार बोटं जाड पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला. पेपरातनं लव्हाळा सुईसारखा आरपार वर आला. पाचटातनंही आलाच, पण घोळ आणि तांदुळजा पार दबले, आणि पाण्याची पाळी पाच दिवसांवरून आठ दिवसांवर गेली. मला पाचट पसंत, फुकटचं आहे म्हणूनही.

एका ओळीत मात्र हौसेनं कच्चं पाचट मातीत मिसळलं. भेंडी पिवळी पडली, कारण ते कुजवताना जिवाणू नत्र ओढून घेतात. टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो जिवाणू संवर्धक, हा हिशेब पाठ होता, वापरायचा राहिला.

आता दर आठवड्याला भांगलण, म्हणजे खुरप्यानं तण काढणं. माझ्या ओळीकडं बघून भांगलणीच्या मावशी म्हणाल्या, "पात कापू नगंस, गाठ काढ." लव्हाळा पाच-सहा पानांवर गेला की खाली नवीन गाठी धरतो, म्हणून आठवडा चुकवायचा नाही. मी गेल्याच रविवारी चुकवला, घरी लग्न होतं. बांधाकडच्या, पाचट न घातलेल्या पट्टीतली घोळ मावशी भाजीला ओटीभरून घेऊन गेल्या, एक जुडी मलाही दिली.

कडेचा अर्धा गुंठा अजून लव्हाळ्याच्याच ताब्यात आहे. त्याला सावली सोसत नाही, म्हणून तिथं पावसाच्या तोंडावर रताळ्याचे वेल लावून बघणार. आप्पांकडं वेल आहेत, मागायला जायचंय.