डायमंड हेडचा चढ सोपा, ओटीपीचा अवघड

हवाई बेटांवरच्या होनोलुलूचा डायमंड हेड डोंगर चढायला आम्हाला पाऊण तास लागला. त्याचं तिकीट काढायला दीड दिवस.

मे २०२२पासून हवाईबाहेरच्या लोकांना आधी ऑनलाइन बुकिंग सक्तीचं आहे. तीस दिवस आधीपासून करता येतं, माणशी पाच डॉलर. आम्ही म्हटलं, तिथे गेल्यावर बघू. हॉटेलात बसून सकाळी सहाचा स्लॉट निवडला, कार्ड टाकलं. फेल. परत टाकलं, परत फेल. मग डोक्यात प्रकाश पडला. निघायच्या आधीच कार्ड बदलून आलं होतं, आणि नव्या कार्डावर परदेशी व्यवहार बंद असतात. आपण चालू करावे लागतात. ॲप उघडलं तर म्हणे, नोंदणीचं सिम फोनमध्ये नाही. ते पाकिटात, कारण फोनमध्ये तिथलं सिम. बायकोच्या कानातल्याच्या तारेने ट्रे काढून (ते कानातलं वाकलं, तो विषय वेगळा) सिम बदललं. तर रोमिंग नाही, म्हणून ओटीपी नाही. बँकेला फोन लावला. हवाई आपल्या साडेपंधरा तास मागे, म्हणजे बँक उघडायला आमची संध्याकाळ. अर्धा तास संगीत ऐकवून बाई गोड आवाजात म्हणाल्या, "सर, रजिस्टर्ड नंबरवर ओटीपी पाठवलाय, तो सांगा."

शेवटी सिअॅटलच्या भाचीने तिच्या कार्डावरून दोन मिनिटांत काढून दिलं. तोवर सकाळचे स्लॉट संपलेले. मिळाला भर दुपारचा. तेव्हा कार्ड आणि रोमिंग घरूनच चालू करून निघा.

दुपारी जाऊ नका, हेही त्यातच आलं. सावली जवळजवळ नाही. पाणी खालीच भरून घ्या, वाटेत मिळत नाही. हा आपल्या सह्याद्रीसारखा काळा कातळ नव्हे. सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीच्या स्फोटातली राख घट्ट होऊन झालेला डोंगर. वाट १९०८ साली अमेरिकी लष्कराने किनाऱ्याच्या पहाऱ्यासाठी काढली. जेमतेम सव्वा किलोमीटर, पण नागमोडी आणि खडबडीत, चपला नकोत. पुढे बोगदा, मग सरळसोट ९९ पायऱ्या. पर्वतीच्या १०३ मोजून वाढलेल्या बायकोला त्याचं काही वाटलं नाही. मी मात्र दोनदा 'फोटो काढायला' थांबलो.

माथा ७६१ फूट. एका बाजूला वायकीकीच्या इमारती, खाली दीपगृह, बाकी सगळा समुद्र. भाचीला फोटो पाठवला. लगेच उत्तर आलं : "मस्त! मामा, माझे दहा डॉलर?"