मंगळवारची खिडकी

डायलिसिसची सवय होते. मंगळवार, गुरुवार, शनिवार, चार-चार तास. फिस्टुला (सुया टोचण्यासाठी हातातल्या रक्तवाहिन्या जोडून केलेली जागा), योजनेचे कागद, एसटीचे हेलपाटे, सगळं निभावलं. मन मात्र आठव्या महिन्यात खचलं. देवगडात राहून शहाळं बंद, हापूसची फोडही बंद, दोन्हींत पोटॅशियम. पाणी मोजून. एका सोमवारी नवऱ्याला म्हटलं, "माका उद्या जावचा नाय."

डॉक्टरांनी समुपदेशनाची चिठ्ठी दिली. समुपदेशक येणार फक्त मंगळवारी, दहा ते एक. माझी पाळी आठ ते बारा. सुया काढून, रक्त थांबेपर्यंत दाबून धरून खिडकीशी पोचले तर साडेबारा. "केसपेपर अकराक बंद. पुढल्या मंगळवारी येवा." पुढल्या मंगळवारीही मी मशीनलाच असणार, हे मी हात दाखवून सांगितलं. हातावर ताजी पट्टी होती. उत्तर तेच. तिसऱ्या खेपेला आतून कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "मनोरुग्णांची रांग तिकडे." सगळी रांग वळून बघायला लागली. चिठ्ठी पर्समध्ये घालून मी घरी आले आणि दोन आठवडे त्या खिडकीकडे फिरकले नाही. तो राग अजून आहे. जन्मभराचं दुखणं घेऊन माणूस आठवड्यातून तीनदा त्याच इमारतीत चार तास पडून असतो; समुपदेशकाने त्याच्या खाटेपाशी यायला हवं.

त्याच दिवसांत एका शुक्रवारी रात्री दोन वाजता १४४१६ लावला. टेलिमानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. त्या बोलण्यावर मी शनिवारी मशीनला गेले.

वाट काढली ती डायलिसिसच्या तंत्रज्ञाने. डॉक्टरांना विचारून त्याने माझी मंगळवारची पाळी दुपारची करून दिली. तुम्ही हे पहिल्याच आठवड्यात विचारा.

समुपदेशकबाईंनी "धीर धरा" म्हटलं नाही. आजारपणात काय सुटलं, ते विचारलं. मी म्हटलं, अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे. मग सुटीच्या दिवशी एक वळेसर करायचा, मन असो-नसो. दिवसाचं पाणी सकाळीच एका बाटलीत भरून ठेवायचं, म्हणजे प्रत्येक घोटाला जीव घाबरत नाही. मीठ कमी केल्यावर तहानही कमी झाली.

एक सांगायचं राहिलं. घरच्या माणसालाही आत न्या. माझा नवरा तिथे पहिल्यांदा बोलला, की रात्री तो उठून माझा श्वास बघतो.