सातवी वही: ४७ पानं, एक म्हैस आणि पसरलेला कट

माझ्या सातव्या स्केचवहीची ४७ पानं भरली. मागच्या नोंदीत १२ पानांवर होते आणि पावसाळ्याआधी वही संपवते अशी बढाई मारली होती. पाऊस येऊन गेला, वही पिशवीतच आहे. १३ पानं कोरी.

या वहीला एकच नियम होता: देऊळ नाही, राजवाडा नाही. आधीच्या सहा वह्यांत अंबाबाईच्या देवळाची शिखरं आणि न्यू पॅलेसचा घड्याळाचा मनोरा इतक्या वेळा आलाय की मलाच कंटाळा आला. वही बघणारे विचारतात, "फोटोवरून काढलंय का?" आणि खरं सांगायचं तर ती चित्रं फोटोवरून काढली असती तरी काही फरक पडला नसता. म्हणून ठरवलं, कोल्हापुरात जिथं माझं एरवीच जाणं होतं तिथंच वही उघडायची. खायला, बाजाराला, नाहीतर नुसतं टेकायला.

सगळ्यात जास्त पानं गेली गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर. बाहेरगावच्यांसाठी सांगते: संध्याकाळी म्हशी आणून उभ्या करतात, तुमच्यासमोर धार काढतात आणि पेला तिथंच हातात देतात. फेस काठाच्या वर आलेला असतो. मला स्वतःला धारोष्ण दूध अर्ध्या पेल्यापुढं जात नाही, पण हे इथं लिहिते, कट्ट्यावर बोलत नाही. स्केचिंगच्या दृष्टीनं मात्र सोन्यासारखी जागा. माणसं हलतात, म्हैस धार काढून होईपर्यंत हलत नाही.

पहिली तीन पानं वाया गेली, कारण मी काळा रंग वापरला. संध्याकाळच्या उजेडात काळ्या म्हशीला काळा लावला की कागदाला भोक पडल्यासारखं दिसतं. आता अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सायना तपकिरी मिसळते, पाठीच्या कण्यावर कागद कोरा सोडते आणि पोटाखाली रंग ओला असतानाच थोडा निळा सोडते. चौथं पान जमलं असं वाटत होतं. तेवढ्यात म्हशीचे मालक मागं येऊन उभे राहिले. बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "ताई, अंग झ्याक आलंय. पण शिंगं चुकल्यात की. ही आमची म्हस न्हवं."

बरोबर होतं त्यांचं. मी सवयीनं आखूड, वळलेली शिंगं काढली होती, मुऱ्हा म्हशीची. समोर उभी होती पंढरपुरी. तिची शिंगं तलवारीसारखी मागं जातात, पार खांद्याच्या पलीकडं. मामांनी बोट टेकवून मुळापासून टोकापर्यंत शिंग दाखवलं, म्हशीनं मान सुद्धा हलवली नाही. दुसऱ्या दिवशी आधी नुसती शिंगं काढली आणि मग त्यांच्या मापानं डोकं, मान, खांदा बसवला. तेव्हापासून कुठलंही चित्र चौकटीतल्या सगळ्यात लांब वस्तूपासून सुरू करते. प्रमाण चुकणं निम्म्यानं कमी झालंय. कोन अजून चुकतात.

मिसळीची पानं फक्त चार. फडतऱ्यांकडं सकाळी रांग असते, आणि आत बाकावर बसून चित्र काढत राहिलं तर डोक्यावर ताटकळणारी माणसं काय म्हणतील ते सांगायला नको. म्हणून तिथं रांगेतच काढते. पाठमोरी माणसं, पिशव्या, एखाद्या बापाच्या खांद्यावर झोपलेलं पोर. आत गेल्यावर वही बंद. एकदाच मोह झाला आणि ताटलीशेजारी वही उघडली. आदल्याच आठवड्यात एका दुकानदारानं "वॉटरप्रूफ आहे, डोळे झाकून घ्या" म्हणून जी शाई दिली होती, ती पाण्याचा ब्रश लागताच पसरली. कटाची, म्हणजे मिसळीच्या तिखट रश्श्याची वाटी, पाव, चमचा सगळं राखाडी झालं. वर खरा कटही सांडला. आता त्या पानावर एकच गोष्ट अस्सल आहे, तो तेलाचा डाग. नवीन शाई घेतली की कोपऱ्यात रेघ ओढा, १० मिनिटं थांबा, ओलं बोट फिरवा. मला हे सातव्या वहीत कळतंय, लाज वाटते.

चप्पल लाईन. भवानी मंडपाकडून चालत जाता येतं. दुकानाच्या पायरीवर बसू देतात, फक्त गिऱ्हाइकाच्या वाटेत यायचं नाही. इथं माणसं न काढता वस्तू काढल्या: पट्टा, अंगठा, कान, वरची वेणी. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे धरून. पण कागदावर उतरवायची झाली तर खरी अडचण वेणीची. लांबून ती नक्षी वाटते. जवळ गेलं की कळतं, प्रत्येक पदर कुणाच्या तरी खालून येतोय. मी तीन वेळा पदर हवेतच संपवला. शेवटी एक जोड विकतच घेतला. पहिले आठ दिवस चावला, सगळ्यांना चावतो. त्याचं एक पान केलंय, तीच चप्पल तीन वेळा: पहिल्या दिवशी, पंधराव्या, चाळिसाव्या. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं हे कातडं तेल पीत जातं तसं गडद होतं. पहिल्या चित्रात नुसता यलो ऑकर आहे, तिसऱ्यात त्याच्यावर सायनाचे दोन हात. वहीतलं माझं सगळ्यात आवडतं पान.

आता खासबाग. इथल्या भेळेसाठी मी कॉलेजपासून जाते, राजाभाऊंची. शाहू महाराजांनी कुस्तीचं मैदान बांधलं १९१२ साली, शेजारचं नाट्यगृह १९१५ चं, म्हणजे पुढं ज्याला गायक-नट केशवराव भोसल्यांचं नाव मिळालं ते. चौथ्या वहीत २०२३ चं एक पान आहे: भेळेचा कागद, चिरलेला कांदा, कैरीची फोड, सगळं निगुतीनं काढलेलं. आणि मागं नाट्यगृह, पाच-सहा रेघांत उरकलेलं. ते काय, कधीही काढता येईल. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. दगडी भिंती राहिल्या, आतलं गेलं. ते पान मी बरेच दिवस उघडलं नव्हतं. या वहीत ३१ व्या पानावर पुन्हा तिथंच बसले, त्याच कोनातून. भेळ काढली नाही, नुसती खाल्ली.

टेकायला रंकाळा तलावच. तिथल्या पाण्यातल्या दगडी संध्यामठाचे नऊ प्रयत्न झाले, त्यातला एकही दाखवण्यासारखा नाही. जुलैत तर पाण्याचा पहिला हात वाळायलाच अर्धा तास लागायचा, तोवर भुरभुर सुरू. वैतागून टाऊन हॉलच्या संग्रहालयात गेले, चित्रकार आबालाल रहिमानांची चित्रं बघायला. हा माणूस १९३१ साली गेला, आयुष्यभर रंकाळा आणि कोटीतीर्थाचं पाणी रंगवत राहिला. जवळ जाऊन बघितलं तर पाण्यात निळा जवळजवळ नाहीच. मातकट, हिरवट, मध्येच आभाळाचा एक फिकट पट्टा. मी नऊच्या नऊ वेळा पाणी निळं केलं होतं. रंकाळ्याचं पाणी निळं कधी होतं तरी का? लहानपणापासून बघतेय, नाही. दहावा प्रयत्न अजून केला नाही, हिवाळ्यातल्या सकाळची वाट बघतेय.

बाकी कपिलतीर्थ मंडईत दोन पानं झाली. भाजीवाल्या मावशींनी "आधी घे, मग काढ" म्हणून दोन्ही वेळा मेथी गळ्यात मारली. शाहूपुरीत गुळाच्या ढेपा काढल्या. ढेप म्हणजे नुसता आकार आणि सावली, नवशिक्यांनी तिथून सुरुवात करावी.

पुढं गुजरी, म्हणजे सराफ बाजार. गळ्यातला कोल्हापुरी साज काढायचाय, तोही जुन्या घडणीचा, २१ पानांचा. प्रत्येक पानाचा आकार वेगळा, मासा, कासव वगैरे. साजाची पानं २१ आणि माझ्या वहीची उरलीत १३, ते एक जुळवता येईल. पण काचेवर कोपर टेकून दोन तास बसू देणारा सराफ अजून सापडलेला नाही. आई म्हणते, नथ घेतलीस तर बसू देतील.