आमची वाटचाल : उद्यमबागेतून बोटीच्या जनरेटरपर्यंत

बेळगावच्या उद्यमबागेत आमचा कारखाना सुरू झाला तो मोटार रिवाइंडिंगचा, म्हणजे जळालेल्या मोटारीची तार पुन्हा गुंडाळण्याचा. खानापूर, चिक्कोडी, निपाणीकडचे शेतकरी जळालेले पंप आणून टाकीत. पुढे लोडशेडिंग वाढले तशी मंगल कार्यालये आणि पोल्ट्र्यांची डिझेल जनरेटर बसवण्याची कामेही मिळू लागली. बोटींकडे मात्र आम्ही हिशेब करून वळलो. पावसाळ्यात शेतपंपांचे काम थंडावते, आणि पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदी असल्याने नेमक्या त्याच काळात कारवार-गोव्याच्या ट्रॉलर धक्क्याला लागलेल्या असतात.

मशीन तेच, पण बसवण्याची रीत वेगळी. जमिनीवर काँक्रीटचे फाउंडेशन घातले की निम्मे काम झाले. बोटीत मात्र जनरेटरचा भार तळाच्या पत्र्यावर किंवा फायबरवर न टाकता बोटीच्या लांबीने जाणाऱ्या तुळयांवर घ्यावा लागतो. इंजिनाची बाजू आणि अल्टरनेटरची (वीज तयार करणाऱ्या भागाची) बाजू सारख्या वजनाची नसते, म्हणून जनरेटर सेटखालचे चारही रबरी पॅड एकाच कडकपणाचे घेऊन चालत नाही. सेट टेकवल्यावर प्रत्येक पॅड किती दबला ते आम्ही व्हर्नियरने (बारीक माप घेण्याच्या साधनाने) मोजतो, फरक निघाला तर नट फिरवून उंची जुळवतो आणि मगच लॉकनट आवळतो. सेट पॅडवर हलणारच, त्यामुळे डिझेलची नळी, पाण्याचा पाइप आणि एक्झॉस्ट हे तिन्ही लवचिक जोडावे लागतात. नाही तर कंपनाने सांधा तिथेच तडकतो.

खरी परीक्षा पाण्याची. समुद्राचे पाणी इंजिन थंड ठेवणाऱ्या हीट एक्स्चेंजरमधून फिरून शेवटी एक्झॉस्टमध्येच सोडले जाते, त्यामुळे धूर थंड होऊन रबरी होजमधून बाहेर जातो. पण सेट पाण्याच्या पातळीखाली असेल तर इंजिन बंद झाल्यावर सायफनने तेच पाणी उलटे सिलिंडरमध्ये शिरते. म्हणून पाण्याची नळी पातळीच्या किमान 30 सेंटीमीटर वर उचलून तिथे सायफन तोडणारा हवेचा व्हॉल्व्ह बसवतो. सेट चालू होत नाही म्हणून तांडेल (बोटीचा प्रमुख) वारंवार स्टार्टर मारत राहिला, तरी पंप पाणी ओढतच राहतो आणि सायलेन्सर भरतो; अशा वेळी समुद्राकडचा व्हॉल्व्ह आधी बंद करायचा, हे आम्ही प्रत्येक बोटीवर मराठीत आणि कन्नडमध्ये रंगवून ठेवतो. पाटी लहान वाटते, पण इंजिन खोलण्याचा खर्च पाहिलेला मालक ती पुसू देत नाही.

हल्ली काही गिऱ्हाइके स्वस्तात मिळतो म्हणून हवेने थंड होणारा पेट्रोलचा छोटा जनरेटर डेकखाली बसवून मागतात. ते काम आम्ही घेत नाही. बंद जागेत त्याचा कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने तळाशी जमते, तिथे स्विचची एक ठिणगी पुरते.