थांबला तो दिसला

लग्नातला फोटोग्राफर हल्ली "हलू नका" म्हणत नाही. उलट नाचा, हसा, अक्षता उधळा म्हणतो. त्याच्या कॅमेऱ्याला सेकंदाचा बारीकसा तुकडाही पुरतो. फोटोग्राफीच्या बाळपणी मात्र हलणं हा गुन्हा होता आणि शिक्षा ठरलेली: तुम्ही चित्रात नाही.

फ्रान्सच्या निसेफोर निएप्सने १८२६-२७च्या सुमारास ल ग्रा इथल्या आपल्या घराच्या खिडकीतून दिसणारं दृश्य कथलाच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर पकडलं. पत्र्यावर डांबराचा पातळ लेप होता. ऊन लागलं तिथे तो घट्ट झाला, बाकीचा लव्हेंडरच्या तेलाने धुऊन निघाला. या उद्योगाला निदान आठ तास लागले असं म्हणतात. काही जाणकार तर कित्येक दिवस सांगतात. तेवढ्यात सूर्य या टोकाकडून त्या टोकाला गेला, म्हणून समोरासमोरच्या भिंतींवर एकदमच ऊन दिसतं. कॅमेऱ्याने टिपलेला, आजवर टिकलेला सगळ्यात जुना फोटो हा, आणि तोच धडधडीत थाप मारतो! मला ते फार आवडतं.

निएप्स १८३३ साली वारला. त्याचा भागीदार लुई दागेर हा रंगभूमीचे पडदे रंगवणारा, पॅरिसमध्ये डायोरामाचे (भल्यामोठ्या रंगवलेल्या पडद्यांवर उजेड खेळवून दाखवलेल्या देखाव्यांचे) खेळ लावणारा गडी. त्याने चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा घेतला, त्याला आधी आयोडिनची धुरी दिली आणि कॅमेऱ्यातून काढल्यावर पाऱ्याची वाफ. तासांचं काम मिनिटांवर आलं.

१८३८ मध्ये त्याने आपल्या खिडकीतून बुलेव्हार द्यु तांप्ल हा रस्ता टिपला. घरं, धुराडी, झाडांच्या रांगा, सगळं कसं लख्ख. आणि रस्ता? ओस. गाड्या, घोडे, माणसं यांची तिथे वर्दळ असायची, पण कोणी जागेवर ठरेल तर ना. खाली डावीकडच्या कोपऱ्यात तेवढा एक गृहस्थ उभा आहे, एक पाय उचलून, बूट पॉलिश करून घेत. 'थांबला तो संपला' हे आपण शाळेपासून घोकत आलो. या माणसाचं उलट झालं. घाईत गेलेली सगळी मंडळी संपली, हा तेवढा उरला.

तारयंत्राचा सॅम्युअल मोर्स १८३९च्या मार्चमध्ये दागेरला भेटला. भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने या चित्राचं नवल सांगितलं: बूट आणि पाय स्वच्छ आलेत, वरचं धड-डोकं मात्र नाही, कारण ते हलत होतं. (दागेर परतभेटीला मोर्सकडे गेला असताना इकडे त्याच्या डायोरामाला आग लागून सगळं खाक झालं. असतं एकेकाचं नशीब.)

मला त्या पॉलिशवाल्याचं वाईट वाटतं. ब्रश मारणारे हात कुठले स्थिर राहायला! त्याचा नुसता काळपट डाग उमटलाय. बूट पुढे करून उभा राहिलेला ठळक, घाम गाळणारा पुसट.

काहींना शंका आहे की दागेरनेच दोघांना तिथे मुद्दाम उभं केलं असावं. नाटकातला माणूस, करेलही. पण मला पटत नाही. खास बोलावूनच आणायचं, तर ब्रशवाल्याला घटकाभर हात थांबवायला सांगणं त्याला काय जड होतं?