मोबाइल असताना चार माइकांचं मशीन कशाला?

गावची गाणी टिपायला मोबाइल असताना चार माइकांचा रेकॉर्डर कशाला, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. धुळ्यात विचारतात, शहाद्यात विचारतात, चोपड्याच्या एसटीत मांडीवरची बॅग बघून शेजारचा विचारतो, "मोबाईलमा व्हई जास ना भाऊ, मंग एवढा पैसा कसाले घालतस?" थोडी माहिती असलेला त्यापुढे जातो: तीन मोबाइल तीन ठिकाणी ठेवले की झालं की तुमचं मल्टिट्रॅक, म्हणजे प्रत्येक माइकचा आवाज वेगळा! प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तर पूर्ण देतो.

मोबाइलवर वाईट रेकॉर्डिंग होतं असं माझं म्हणणं नाही. बंद खोलीत आजी एकटी ओवी म्हणत असेल तर मोबाइल तिच्यापासून हातभर अंतरावर उशीवर ठेवा, विमान मोड लावा, काम होतं. अडचण गर्दीत आणि वाद्यांत येते. फोन बोलण्यासाठी बनवलेला असतो, त्यामुळे तो आवाजाची पातळी स्वतःच वर-खाली करतो. ढोलाची थाप पडली की सगळंच दाबतो, थाप विरली की सगळं वर ओढतो. दोन थापांमधलं गाणं त्यामुळे उगाच फुगतं आणि आटतं. तुणतुण्याचा सलग सूर काही फोनांना पंख्याची घरघर वाटते आणि ते तो पुसून टाकतात. हे सगळं फाइलमध्ये शिजूनच येतं, मागाहून वेगळं काढता येत नाही.

आता तीन मोबाइलांचं. प्रत्येक यंत्राच्या पोटात एक क्रिस्टल असतो. सेकंदाला ४८,००० नमुने मोजायचे ते त्याच्या तालावर. दोन यंत्रांचे क्रिस्टल तंतोतंत सारखे चालत नाहीत. दहा लाखांत फक्त ३० चा फरक धरला तरी तासाभरात १०८ मिलिसेकंदांची तफावत पडते. म्हणजे एका टाळीच्या दोन टाळ्या. सुरुवातीला टाळी वाजवून ट्रॅक जुळवले तरी तासाने सुटतात. ताणून जुळवू म्हणाल, तर क्रिस्टल तापला की त्याची चाल बदलते, त्यामुळे तफावत सरळ रेषेत वाढत नाही. चार इनपुटच्या रेकॉर्डरमध्ये चारही चॅनेल एकाच घड्याळावर चालतात. दहा मीटरवरच्या माइकला आवाज २९ मिलिसेकंद उशिरा पोचतो, पण ते अंतर रात्रभर तेवढंच राहतं आणि एकदा सरकवलं की जुळलेलं राहतं. एवढ्या एका गोष्टीसाठी मी हे पैसे खर्च करायला तयार आहे.

माझं मत पक्कं करणारी गोष्ट मात्र एका कार्डाची आहे.

श्रावणात खान्देशात घरोघरी कानबाई देवी बसवतात, त्या रात्रीचं रेकॉर्डिंग. यावल तालुक्यातल्या एका पोराने आपल्या घरचं केलं होतं आणि फाइल उघडत नाही म्हणून कार्ड माझ्याकडे आणलं. मांडणी चांगली होती. चॅनेल १ आणि २ वर बायकांच्या घोळक्याच्या वर जोडीचे माइक, दोघांत १७ सेंटिमीटर अंतर आणि ११० अंशांचा कोन. चॅनेल ३ पुढे म्हणणाऱ्या काकूंसमोर. चॅनेल ४ वर साधा, वीज न लागणारा डायनॅमिक माइक, दाराशी, ढोलासाठी. प्रत्येक नमुना २४ बिटचा, सेकंदाला ४८,००० नमुने. या हिशेबाने चार चॅनेलला सेकंदाला ५,७६,००० बाइट लागतात, म्हणजे तासाला साधारण २ जीबी. त्याचं मशीन २ जीबी झाले की नवी फाइल उघडणारं होतं, दर ६२ मिनिटांनी. पहिल्या दोन फाइली धडधाकट. तिसरी शून्य बाइट.

कारण सोपं होतं. मशीन अ‍ॅडॅप्टरवर चालू होतं आणि अ‍ॅडॅप्टर एक्स्टेन्शन बोर्डावर. रात्री कुणीतरी तो काढून स्वतःचा मोबाइल चार्जिंगला लावला. मशीन निमूटपणे आतल्या चार अल्कलाइन सेलवर गेलं. बाकीचे तीन कंडेन्सर माइक, त्यांना वीज लागते; ती ४८ व्होल्टची वीज (फँटम) केबलमधूनच पुरवायची म्हणजे सेलमधून ओढ मोठी, आणि अल्कलाइन सेल मोठ्या ओढीला लवकर बसतात. मशीन मध्येच बंद पडलं. डब्ल्यूएव्ही फाइलची लांबी तिच्या डोक्यात, म्हणजे अगदी सुरुवातीला, लिहिलेली असते आणि बऱ्याच मशीनमध्ये ती थांबवल्यावरच लिहिली जाते. बंद पडलं तेव्हा आवाज कार्डावर होता, फक्त लांबीच्या जागी शून्य.

अशा वेळी काय करायचं ते नीट सांगतो, कारण घाबरून लोक नेमकं उलटं करतात. कार्ड परत मशीनमध्ये घालायचं नाही. कडेचं लॉक सरकवायचं आणि संगणकावर आधी पूर्ण कार्डाची प्रतिमा, म्हणजे बाइट-न्-बाइट हुबेहूब प्रत, काढायची. पुढचं सगळं काम प्रतिमेवर. त्यात फाइलची सुरुवात आणि 'डेटा' ही खूण शोधायची, तिथून पुढचा भाग कापून घ्यायचा आणि ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'रॉ डेटा' म्हणून आणायचा: २४ बिट, लिटल एंडियन, ४ चॅनेल, ४८,०००. एका क्षणाचे चार नमुने मिळून १२ बाइट होतात. सुरुवात एका बाइटने चुकली तर नुसता खरखराट. तीन बाइटने चुकली तर आवाज स्वच्छ येतो, पण चॅनेल एकेक घर सरकतात आणि काकू ढोलाच्या जागी जातात. पोराने कार्ड मशीनमध्येच नव्याने फॉरमॅट करून वापरलं होतं, म्हणून तुकडे सलग होते. जुन्या फाइली एकेक पुसून जागा केली असती, तर हे तुकडे कार्डभर विखुरले असते. म्हणून सांगतो, डिलीट करत बसू नका. प्रत दोन ठिकाणी उतरवा आणि कार्ड मशीनमध्येच फॉरमॅट करा.

आवाज परत आला, शेवटचे काही सेकंद सोडून सगळा. पोराचा जीव भांड्यात पडला. मग आम्ही चॅनेल ३ ऐकलं.

काकूंची लेव्हल संध्याकाळी लावली होती, त्या हळू आवाजात म्हणत असताना. तिसऱ्या तासात ढोलवाले अंगणात आले, काकूंनी आवाज चढवला आणि तिथून चॅनेल ३ फाटलं. लहरींची टोकं कापल्यासारखी सपाट झाली होती, आणि तीही शून्यावर, म्हणजे फाइलच्या कमाल पातळीवर, नाही तर त्याच्या चार डेसिबल खाली. हे लक्षात ठेवा. शून्याच्या खालीच सपाट टोकं दिसली की आवाज आधी, आत शिरतानाच फाटला आणि पुढे कुठेतरी खाली ओढला गेला असं समजावं. त्याचा लिमिटर, म्हणजे चढलेली पातळी आवरणारा भाग, डिजिटल होता, आवाजाचे आकडे करणाऱ्या कन्व्हर्टरच्या नंतर बसलेला. फाटलेल्या आवाजाला तो फक्त खाली ओढतो. फाटलेलं शिवणारी सॉफ्टवेअरं आहेत, ती टोकांचा अंदाज बांधतात. चार-दोन नमुने गेले असतील तर अंदाज चांगला येतो, इथे अख्खे स्वर गेले होते. जोडीच्या माइकांत काकू होत्या, तीन मीटरवरून, पण ढोलाखाली. चॅनेल ४ मधला ढोल उलटा करून जोडीतून वजा करता येईल का, तेही करून पाहिलं. अंगणाच्या भिंतींवरून परत येणारा ढोल तसा वजा होत नाही. तीन कडव्यांचे शब्द लागले नाहीत.

काकूंना विचारलं तर म्हणाल्या, कानबाई बसल्याशिवाय ते तोंडात येत नाही. पुढच्या श्रावणात म्हटलं त्यांनी, पण कडवी वेगळी आली. मागची आठवत नव्हती असं नव्हे, त्या रात्री ती आली नाहीत, एवढंच. हे कुणाला समजावून सांगायला जड जातं, मला आजही जातं.

तेव्हा पुढचा प्रश्न येतोच: ३२ बिट फ्लोटचं, म्हणजे लेव्हल चुकली तरी आवाज फाटू न देणारं, मशीन असतं तर? काही वर्षांपूर्वीपर्यंत मी सगळ्यांना ठासून सांगायचो की याची गरज नाही. हिशेब अजून तोच आहे. २४ बिटच्या चांगल्या कन्व्हर्टरला प्रत्यक्षात ११५ ते १२० डेसिबलचा पल्ला मिळतो. माइकसमोर १२५ डेसिबल म्हणजे शून्य असं लावलं तर तळ ५ ते १० डेसिबलवर जातो, आणि माणसांनी भरलेलं अंगण ४५ च्या खाली क्वचित उतरतं. म्हणजे गेन (आत येणारा आवाज किती वाढवायचा ते) खाली ठेवला तरी काही बिघडत नाही, आवाज घरी वर आणता येतो. उणे २० डेसिबलला सरासरी ठेवा, संपलं. पण रात्री दोनला, घरचा पाहुणचार करत, स्क्रीनवर बारीक दिसणाऱ्या रेघा बघून उणे २० जपणारा माणूस कुठून आणायचा? त्या पोराचं मशीन ३२ बिटचं असतं तर चॅनेल ३ वाचलं असतं, हे मला मान्य करावं लागतं. झूमचं एफ६ किंवा साउंड डिव्हायसेसच्या मिक्सप्री मालिकेची दुसरी आवृत्ती, दोन्ही २०१९ ची, तिथपासून हे हातात धरण्याजोग्या मशीनमध्ये आलं. अशा मशीनमध्ये एका चॅनेलला कमी आणि जास्त गेनचे कन्व्हर्टर एकत्र चालतात, आणि मशीन त्यांची सांधेजोड करतं. फाइल २४ बिटच्या सव्वापटीहून मोठी, तासाला चार चॅनेलचे पावणेतीन जीबी.

तरीही माझं जुनं म्हणणं पूर्ण सोडवत नाही. माइकचा पडदाच ढोलापुढे थकला तर ३२ बिट काही करू शकत नाही. वायरलेसच्या ट्रान्समीटरमध्ये फाटलेलं फाटलेलंच राहतं. वाऱ्याची घरघर, सैल पिनचा कडकडाट, चुकीच्या जागी ठेवलेला माइक, सगळं तसंच येतं, फक्त जास्त बिटांत. आणि लेव्हल बघायची नाही म्हटलं की लोक हेडफोनही काढून ठेवतात, हे मी वारंवार पाहतो.

अक्कलकुव्याकडच्या काठी गावच्या राजवाडी होळीला जायचं असेल तर हे आणखी महत्त्वाचं. मोठे ढोल, कमरेचे घुंगरू, रात्रभर फिरणारं रिंगण आणि पहाटे पेटणारी होळी. रिंगणात स्टँड टिकत नाही. मशीन खांद्याच्या बॅगेत, जोडी लांब काठीवर डोक्यांच्या वर, माइकांवर केसाळ फर. नुसता स्पंज उघड्यावरच्या वाऱ्याला पुरत नाही. ढोलाजवळ कंडेन्सर नेऊ नका, डायनॅमिक न्या.

बाकी पटापट सांगतो. अल्कलाइन टाळा, निकेल मेटल हायड्राइडचे सेल किंवा कॅमेऱ्याची मोठी लिथियम बॅटरी घ्या, किंवा २०,००० एमएएचची पॉवर बँक; आत सेल असू द्याच. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दिवसांत जळगावात पारा ४४-४५ वर असतो, काळ्या बॅगेत मशीन उन्हात ठेवू नका, वर पांढरं सुती कापड टाका. डीजेच्या मिक्सरमधून आवाज घ्यायचा असेल तर त्या चॅनेलचा फँटम आधी बंद करा, इनपुट लाइनवर टाका आणि मध्ये ट्रान्सफॉर्मरचा डीआय बॉक्स (आवाज पुढे देणारी, पण दोन यंत्रांच्या तारांचा थेट संबंध तोडणारी डबी) घाला, नाहीतर मंडपाच्या वायरिंगचे ५० आणि १०० हर्ट्झ रात्रभर गाण्याखाली गुणगुणत राहतील.

आता तुमच्या बाजूचं एक. मोबाइल उशीवर ठेवला तर बायका गातच राहतात. चार स्टँड आणि केबली दिसल्या की काही जणी पदर सावरतात, आवाज अर्धा करतात, अवघड कडवं गिळतात. ज्या आवाजासाठी एवढं सामान नेलं तोच त्या सामानामुळे बदलतो. मी जोडीचे माइक आदल्या दिवशी धाब्याच्या घराच्या छताच्या कडीला टांगतो, केबल भिंतीकडेने नेतो आणि मशीन बाजूच्या खोलीत ठेवतो. काकूंसमोरचा तिसरा माइक मात्र लपवता येत नाही. तो काढला तर शब्द जातात, ठेवला तर कधी कधी गाणं जातं. प्रत्येक घरी मी तो ठेवून बघतो आणि पहिल्या दोन गाण्यांनंतर ठरवतो, आणि दर वेळी बरोबर ठरवलं असं म्हणवत नाही.

म्हणून शेजारच्या सीटवरून पुन्हा कुणी विचारलं तर चार इनपुटचं जुनं मशीन सुचवेन, ३२ बिट परवडत असेल तर तेच. आणि प्लग बोर्डाला चिकटपट्टीने बांधून त्यावर मोठ्या अक्षरात 'काढू नका' लिहायला सांगेन.